विंडोजमधले जुने सुसंगतता-घटक बंद करताना: आधी काय, नंतर काय आणि कशाला हात लावायचा नाही

‘यादीतल्या सगळ्या जुन्या खुणा काढल्या, रिस्टार्ट केलं आणि आता स्कॅनरमधून फोल्डरमध्ये काहीच येत नाही.’ ही तक्रार मला वरचेवर ऐकायला मिळते. जुने प्रोग्राम आणि जुनी यंत्रं चालावीत म्हणून विंडोजमध्ये काही ऐच्छिक घटक असतात. ही त्यांची यादी, आणि नावासमोरची खूण काढली की तो घटक बंद होतो. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. काढलेल्या सगळ्या खुणा परत लावतात आणि पुन्हा त्या यादीकडे फिरकत नाहीत. म्हणजे जे बंद व्हायला हवं होतं तेही कायमचं चालू राहतं.

खूण काढायला मिनिटभरही लागत नाही. वेळ द्यायचा तो आधीच्या शोधाला आणि नंतरच्या तपासणीला. या लेखात विंडोज १० आणि विंडोज ११ गृहीत धरले आहेत. खिडक्यांची, बटणांची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील आणि कमांड टाइपही इंग्रजीतच करायच्या.

## आधी एक गैरसमज दूर करू

हे घटक बंद केल्याने संगणक वेगवान होत नाही. डिस्कवरही फारशी जागा मोकळी होत नाही, कारण घटक बंद केला तरी त्याच्या फायली बहुतेक वेळा विंडोजच्या कोठारात तशाच राहतात. वेगासाठी कोणी हे करणार असेल तर त्याने न केलेलंच बरं.

हे करायचं ते सुरक्षेसाठी. जुना घटक चालू असतो तेव्हा त्यातल्या जुन्या उणिवाही चालू असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून. त्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी पॅच लावला नव्हता पण एसएमबी १ बंद ठेवलं होतं, त्यांच्या संगणकात त्या वाटेने शिरायला जागाच नव्हती.

आणखी दोन गोष्टी या कामात येत नाहीत, तरी लोक त्यांची गल्लत करतात. एखाद्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये जो ‘कंपॅटिबिलिटी’ टॅब असतो, तो त्या एका प्रोग्रामपुरता असतो. त्याचा इथे संबंध नाही. आणि विंडोजच्या फोल्डरमधला ‘सिसवाऊ६४’ हा फोल्डर ३२-बिट प्रोग्राम चालवण्यासाठी लागतो. तो ऐच्छिक घटक नाही. नाव जुनाट वाटलं म्हणून तो हाताने पुसायला जाऊ नका.

## टप्पा १: दोन याद्या वेगळ्या ओळखा

विंडोजमध्ये ऐच्छिक घटकांच्या दोन याद्या आहेत आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

पहिली यादी ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या खिडकीत आहे. स्टार्ट मेनूत ‘विंडोज फीचर्स’ शोधलं की ती सापडते. एसएमबी १, डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ (अनेक प्रोग्रामना चालायला लागणारा पाया), पॉवरशेल २.० (कमांड आणि स्क्रिप्ट चालवण्याचं साधन), लेगसी कंपोनंट्स, टेलनेट क्लायंट (दुसऱ्या यंत्राशी जोडणारं जुनं साधन) हे सगळं तिथे आहे.

दुसरी यादी सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ या नावाने आहे. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती ‘सिस्टम’खाली मिळते, त्याआधी ती ‘ॲप्स’खाली होती. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून व्हीबीस्क्रिप्ट ही जुनी स्क्रिप्ट-भाषा या यादीत आली आहे. याच पानाच्या तळाशी पहिल्या यादीकडे नेणारी ‘मोअर विंडोज फीचर्स’ ही ओळ असते.

पहिल्या यादीत खूण काढली की घटक बंद होतो. दुसऱ्या यादीत ‘रिमूव्ह’ म्हटलं की तो काढूनच टाकला जातो आणि परत हवा असेल तर विंडोज अपडेटमधून उतरवून घ्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या यादीत जास्त जपून.

पहिल्या यादीतल्या चौकोनांची भाषाही समजून घ्या. बरोबरची खूण म्हणजे घटक चालू. रिकामा चौकोन म्हणजे बंद. आत भरीव चौकोन दिसला तर त्याचे काही उपघटक चालू आहेत आणि काही बंद. या भरीव चौकोनावर उगाच क्लिक करू नका. एका क्लिकने आतली सगळी मांडणी बदलते आणि आधी काय होतं ते आठवत नाही.

तपासणी: दोन्ही याद्या उघडता आल्या का? पहिल्या यादीत प्रत्येक अधिकचिन्ह दाबून उपघटक दिसतात का? तेवढं जमलं की पुढे जा. अजून एकही खूण बदलायची नाही.

## टप्पा २: तयारी

१. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. काम अर्ध्यावर असताना तो शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

२. अडकलेले अपडेट आधी पूर्ण करा. विंडोज अपडेट रिस्टार्टची वाट पाहत असेल तर तो रिस्टार्ट करून घ्या. नाहीतर अपडेट आणि तुमचा बदल एकाच रिस्टार्टमध्ये लागू होतील आणि पुढे काही बिघडलं तर कशामुळे ते सांगता येणार नाही.

३. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजची जिच्याकडे परत जाता येतं अशी साठवलेली स्थिती, तयार करा. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. बऱ्याच संगणकांवर ही सोय मुळात बंदच असते. सिस्टम ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ लिहिलेलं असेल तर ‘कॉन्फिगर’मधून चालू करा, मग पॉइंट घ्या आणि त्याला ओळखू येईल असं नाव द्या.

४. कामाच्या फायलींचा बॅकअप वेगळा घ्या. रिस्टोअर पॉइंट तुमची कागदपत्रं आणि फोटो जपत नाही.

५. यादीचा फोटो काढा. सगळी अधिकचिन्हं उघडून, वरपासून खालपर्यंत. मिटलेल्या यादीचा फोटो काढणारे बरेच असतात. त्यात उपघटक दिसत नाहीत, त्यामुळे ऐनवेळी त्याचा उपयोग होत नाही.

६. नोंदवही ठेवा. कागदाची चालेल, फाइल असेल तर ती दुसऱ्या संगणकावर किंवा फोनमध्ये. माझ्या वहीतली एक नोंद अशी असते:

*३ मार्च, सकाळी १०:४०. पॉवरशेल २.०. आधी: खूण. आता: रिकामी. रिस्टार्ट केलं. छपाई ठीक. हिशेबाचा प्रोग्राम ठीक. रात्रीचा बॅकअप झाला का, उद्या पाहायचं.*

शेवटचं वाक्य विसरू नका. जे आज तपासता येत नाही ते लिहून ठेवलं नाही, तर उद्या कोणी तपासत नाही.

सावधान: महिनाअखेर, परीक्षा, हिशेब बंद करण्याचे दिवस, शुक्रवारची संध्याकाळ या वेळा टाळा. आठवड्याच्या सुरुवातीची सकाळ उत्तम. काही बंद पडलं तर ते वापरणारी माणसं समोर असतात आणि लगेच सांगतात.

## टप्पा ३: कोण वापरतंय ते शोधा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, म्हणून यावरच सगळ्यात जास्त लिहितो.

एका कार्यालयात मी शुक्रवारी संध्याकाळी तीन घटक एकदम बंद केले होते. सोमवारी स्कॅनर फोल्डरमध्ये फायली टाकेना आणि हजेरीचा प्रोग्राम सुरू होईना. तीनपैकी कोणता घटक कशाला लागतो हे मला माहीत नव्हतं. लोक खोळंबले होते, म्हणून तिन्ही परत चालू केले आणि ते त्यानंतर जवळजवळ वर्षभर तसेच चालू राहिले. आधी दोन दिवस शोध घेतला असता तर निदान एक घटक त्याच दिवशी कायमचा बंद झाला असता.

### एसएमबी १ कोण वापरतंय

याची दोन अंगं आहेत. क्लायंट म्हणजे तुमचा संगणक दुसऱ्या यंत्राच्या फोल्डरमध्ये जातो तो भाग. सर्व्हर म्हणजे दुसरं यंत्र तुमच्या फोल्डरमध्ये येतं तो भाग. दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

क्लायंटसाठी: आधी रोजचे सगळे नेटवर्क फोल्डर एकेक करून उघडा. मग पॉवरशेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालू करून ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ ही कमांड द्या. जे तक्त्यासारखं दिसेल त्यात ‘डायलेक्ट’ नावाचा रकाना असतो. तिथे २ किंवा ३ ने सुरू होणारा आकडा असेल (उदाहरणार्थ ३.१.१) तर काळजी नाही. १ ने सुरू होणारा आकडा दिसला तर त्या ओळीतल्या सर्व्हरचं नाव वहीत लिहा. फोल्डर न उघडता कमांड दिली तर तक्ता रिकामा येतो आणि ‘कोणीच वापरत नाही’ असं वाटतं. ही फार नेहमीची चूक आहे.

सर्व्हरसाठी: ‘सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन’ या कमांडला ‘ऑडिटएसएमबी१ॲक्सेस’ हा पर्याय जोडून त्याची किंमत ‘ट्रू’ करायची (ट्रूच्या आधी डॉलरचं चिन्ह). त्यानंतर कोणतंही यंत्र एसएमबी १ ने आलं की त्याची नोंद होते. नोंदी पाहायच्या इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या खिडकीमध्ये: ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीसर्व्हर, ऑडिट. नोंदीचा क्रमांक ३००० असतो आणि आत आलेल्या यंत्राचा पत्ता मिळतो.

हे ऑडिट दोन दिवस चालू ठेवून भागत नाही. काही यंत्रं महिन्यातून एकदाच वापरली जातात. निदान एक पूर्ण महिना, त्यात एक महिनाअखेर आलीच पाहिजे.

सापडणारे नेहमीचे वापरकर्ते म्हणजे फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारी जुनी मल्टिफंक्शन यंत्रं, जुनी नेटवर्क स्टोरेज पेटी, ज्या राउटरला यूएसबी ड्राइव्ह लावून फायली वाटल्या जातात तो राउटर आणि विंडोज एक्सपी किंवा सर्व्हर २००३ चालणारं एखादं विसरलेलं यंत्र. शेवटच्या दोघांना, म्हणजे एक्सपी आणि सर्व्हर २००३ ला, एसएमबी १ शिवाय दुसरी पद्धत येतच नाही. एसएमबी २ आलं ते व्हिस्टाबरोबर. बाकीच्यांसाठी आधी यंत्राच्या सेटिंग्जमध्ये पाहा. कित्येकदा यंत्राला नवी पद्धत येत असते, फक्त जुन्या पद्धतीवर ठेवलेलं असतं, किंवा फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की येते. स्कॅनरला तेही जमत नसेल तर स्कॅन ई-मेलने किंवा एफटीपीने पाठवण्याची सोय त्यात असते का बघा.

### पॉवरशेल २.० कोण वापरतंय

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्जखाली ‘विंडोज पॉवरशेल’ हा लॉग उघडा. क्रमांक ४०० च्या नोंदी पाहा. प्रत्येकीत ‘इंजिनव्हर्जन’ अशी एक ओळ असते. ५.१ दिसलं तर ते नेहमीचं पॉवरशेल. कुठे २.० दिसलं तर थांबा आणि ते कोणी सुरू केलं ते त्याच नोंदीतल्या ‘होस्टॲप्लिकेशन’ ओळीत वाचा.

हे मुद्दाम सांगतो, कारण २.० चालवण्यामागे प्रामाणिक कारण फार क्वचित असतं. नव्या पॉवरशेलमध्ये स्क्रिप्टची नोंद ठेवण्याची आणि अँटिव्हायरसला ती दाखवण्याची सोय आहे, २.० मध्ये ती नाही. घुसखोराला नेमकी हीच वाट आवडते. म्हणून तुमच्या ओळखीचा प्रोग्राम नसताना २.० ची नोंद दिसली, तर त्या संगणकाची आधी कसून तपासणी करा, बाकीचं नंतर.

### डॉट नेट ३.५ कोण वापरतंय

याला सोपी चाचणी नाही. जुने हिशेबाचे, हजेरीचे, यंत्र चालवण्याचे प्रोग्राम यावर उभे असतात. ३.५ मध्येच २.० आणि ३.० येतात, त्यामुळे ‘माझ्याकडे ४.८ आहे, मग ३.५ कशाला’ हा हिशेब चुकतो. २.० साठी लिहिलेला प्रोग्राम आपोआप ४.८ वर चालतोच असं नाही. प्रत्येक जुन्या प्रोग्रामची यादी करा आणि तो पुरवणाऱ्याला सरळ विचारा. वर्षातून एकदाच उघडणारे प्रोग्रामही यादीत घ्या, कारण नेमके तेच विसरले जातात.

तपासणी: वहीत प्रत्येक घटकासमोर ‘कोणी वापरत नाही’, ‘अमुक वापरतं’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी एक उत्तर आहे का? ‘माहीत नाही’ असलेला घटक आज बंद करायचा नाही.

## टप्पा ४: क्रम ठरवा

माझा क्रम असा असतो:

१. पॉवरशेल २.०
२. एसएमबी १ चा सर्व्हर भाग
३. एसएमबी १ चा क्लायंट भाग
४. टेलनेट आणि टीएफटीपी (फायली पाठवण्याचं जुनं, साधं साधन) क्लायंट, कोणी कधी चालू केले असतील तर
५. लेगसी कंपोनंट्समधलं डायरेक्टप्ले
६. डॉट नेट ३.५
७. सगळ्यात शेवटी व्हीबीस्क्रिप्ट

पॉवरशेल २.० पहिलं, कारण धोका मोठा आणि अवलंबून असणारे जवळपास कोणी नाहीत. ते बंद केल्याने ५.१ ला काही होत नाही. ते ३.५ च्या आधी बंद करण्याला आणखी एक कारण आहे. २.० ला चालायला ३.५ मधला जुना गाभा लागतो. ३.५ आधी काढलं तर २.० नुसतं सुरू होत नाही, पण यादीत खूण तशीच राहते. पुढे कोणी ३.५ परत लावलं की २.० सुद्धा गुपचूप जिवंत होतं. विंडोज ११ २४एच२ वर ऑगस्ट २०२५ नंतरचे अपडेट असतील तर पॉवरशेल २.० काढूनच टाकलेलं असतं, तेव्हा ते यादीत शोधत बसू नका.

डायरेक्टप्ले फक्त जुन्या खेळांना लागतं. त्याचा फार विचार करायला नको.

व्हीबीस्क्रिप्ट शेवटी, कारण त्याचा वापर दिसत नाही. जुन्या प्रोग्रामचे इन्स्टॉलर, एक्सेलमधले काही मॅक्रो, लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट हे सगळे आतून त्याला हाक मारतात. मायक्रोसॉफ्ट ते टप्प्याटप्प्याने काढतंय, तेव्हा शोध आत्ताच सुरू करा. पण काढण्याची घाई नको.

## टप्पा ५: प्रत्यक्ष बंद करणे

१. चालू असलेले सगळे प्रोग्राम बंद करा, फायली साठवा.

२. विंडोज फीचर्सची खिडकी उघडा आणि एकाच घटकाची खूण काढा.

३. एसएमबी १ असेल तर अधिकचिन्ह दाबून आत जा. तिथे तीन ओळी दिसतात: ऑटोमॅटिक रिमूव्हल, क्लायंट, सर्व्हर. या फेरीत फक्त सर्व्हरची खूण काढा. वरच्या मुख्य चौकोनाला हात लावला तर तिन्ही एकदम जातात.

४. ‘ओके’ दाबा. बदल लागू होताना खिडकी बंद करू नका, लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या.

५. रिस्टार्ट मागितलं तर लगेच रिस्टार्ट करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा गोठवून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो.

६. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तीच खिडकी उघडून चौकोन खरंच रिकामा झाला का ते पाहा. कधी कधी बदल लागू न होता गुंडाळला जातो आणि माणूस ‘झालं’ म्हणून निघून जातो.

सावधान: इंटरनेटवर एसएमबी १ बंद करण्याच्या जुन्या पाककृती फिरतात. त्यांत रजिस्ट्री बदलायला किंवा सर्व्हिसची (मागे चालणाऱ्या प्रोग्रामची) अवलंबने बदलायला सांगतात. त्या विंडोज ७ च्या काळातल्या आहेत, तेव्हा यादीत ही खूण नव्हती. आज त्या वापरायचं कारण नाही. त्यातल्या त्यात दोन घोडचुका टाळाच. एक, ‘वर्कस्टेशन’ किंवा ‘सर्व्हर’ ही सर्व्हिस बंद करणं. त्याने सगळंच फाइल शेअरिंग जातं. दुसरी, एसएमबी १ बरोबर एसएमबी २ सुद्धा बंद करणं. एसएमबी २ आणि ३ एकाच पायावर उभे आहेत, २ बंद केलं की ३ सुद्धा बंद होतं.

## टप्पा ६: रिस्टार्टनंतर लगेच आणि पुढचे दिवस

लगेच तपासायचं: एक पान छापा. एक स्कॅन फोल्डरमध्ये पाठवा. प्रत्येक नेटवर्क फोल्डर उघडा आणि त्यात एक छोटी फाइल साठवून पुसा; नुसता फोल्डर दिसणं पुरेसं नाही. वहीतला प्रत्येक जुना प्रोग्राम सुरू करा आणि त्यातलं एक खरं काम करा.

डॉट नेट ३.५ बंद केलं असेल तर लक्ष दोन ठिकाणी ठेवा. जो प्रोग्राम तुम्ही हाताने उघडता, त्याला ३.५ लागत असेल तर विंडोज स्वतःच तसं सांगणारी आणि उतरवून घेण्याची सोय देणारी खिडकी दाखवतं. मागे चालणाऱ्या सर्व्हिसला ही सोय नाही. ती नुसती सुरू होत नाही, आणि कोणाला कळतही नाही. म्हणून ‘सर्व्हिसेस’ उघडून जिच्यासमोर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय पण ‘रनिंग’ नाही अशी एखादी दिसते का ते पाहा. ही यादी बदलाच्या आधीही एकदा पाहून ठेवलेली असेल तर उत्तम, कारण काही सर्व्हिस एरवीही थांबलेल्याच असतात.

त्यानंतर तसंच काम करत राहा. पुढच्या घटकाआधी मी निदान एक आठवडा जाऊ देतो. सात घटकांना दोन महिने लागतात. लागू देत.

## टप्पा ७: काही बंद पडलं तर

आधी संदेश नीट वाचा, मगच खुणेकडे जा.

नेटवर्कमध्ये इतर संगणक दिसत नाहीत. एसएमबी १ गेल्यावर हे हमखास होतं आणि लोक घाबरून ते परत लावतात. नेटवर्कमधल्या संगणकांची जुनी यादी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाच्या सर्व्हिसवर चाले आणि ती एसएमबी १ बरोबर जाते. फोल्डर मात्र चालू असतात, फक्त दिसत नाहीत. ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे संगणकाचं नाव टाइप करून पाहा. उघडलं तर ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या दोन सर्व्हिस सगळ्या संगणकांवर चालू करा. यादी परत दिसू लागते.

शेअरला एसएमबी १ लागतं असा स्पष्ट संदेश येतो. मग खरोखरच समोरचं यंत्र जुनं आहे. वहीत नाव लिहा आणि आधी त्या यंत्राच्या सेटिंग्ज, फर्मवेअर पाहा.

नुसतं ‘सापडत नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ असं येतं. इथे एसएमबी १ ला दोष द्यायची घाई करू नका. विंडोज ११ २४एच२ पासून प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर ओळख पटवणारी सही) सक्तीचं झालं आहे आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेशही बंद झाला आहे. तुमचा बदल आणि हे अपडेट एकाच आठवड्यात आलं असेल तर सगळा संशय चुकीच्या ठिकाणी जातो. स्टोरेज पेटीवर खरं खातं आणि पासवर्ड तयार करून त्याने आत जाऊन बघा.

डॉट नेट ३.५ परत लावता येत नाही. परत लावताना विंडोज ते इंटरनेटवरून मागू शकतं. ज्या कार्यालयात अपडेट स्वतःच्या सर्व्हरवरून दिले जातात तिथे हे बऱ्याचदा अडतं. म्हणून ३.५ बंद करण्याआधी त्याच आवृत्तीचं विंडोजचं इन्स्टॉल मीडिया जवळ असू द्या; त्यातल्या ‘सोर्सेस’ फोल्डरमधल्या ‘एसएक्सएस’मधून ते लावता येतं.

खरंच मागे फिरायची वेळ आली तर फक्त शेवटचा घटक परत लावा, रिस्टार्ट करा, आणि वहीत कारण लिहा. रिस्टोअर पॉइंट हा अगदी शेवटचा उपाय, कारण तो मधल्या काळातले बाकीचे बदलही मागे नेतो.

सावधान: एसएमबी १ ‘तात्पुरतं’ परत लावणार असाल तर ते कधी काढायचं ती तारीख त्याच क्षणी ठरवा. विंडोजमध्ये एसएमबी १ पंधरा दिवस वापरलं गेलं नाही तर ते आपोआप काढण्याची सोय आहे, संगणक बंद असलेला काळ त्यात धरत नाहीत. पण ही सोय एकदाच काम करते. तुम्ही हाताने परत लावलं की विंडोज ते पुन्हा स्वतःहून काढत नाही. अशी ‘तात्पुरती’ लावलेली एसएमबी १ मी कितीतरी संगणकांवर पाहिली आहेत आणि ती कोणी, कशासाठी लावली हे तिथल्या कोणालाच आठवत नसतं.

## यांना हात लावू नका

*इंटरनेट एक्सप्लोरर ११.* ब्राउझर म्हणून ते जून २०२२ मध्येच निवृत्त झालं, त्यामुळे पहिली कुऱ्हाड त्यावर पडते. पण एज ब्राउझरमधला आयई मोड, म्हणजे जुनी संकेतस्थळं उघडण्याची सोय, त्याच्याच इंजिनावर चालतो. ही खूण काढली की आयई मोड बंद पडतो, आणि त्यावर चालणारी जुनी कार्यालयीन संकेतस्थळंही. आयई मोड कोणीच वापरत नाही याची खात्री असेल तरच विचार करा.

*डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ ॲडव्हान्स्ड सर्व्हिसेस.* इथे भरीव चौकोन दिसतो, तो मुळातच तसा असतो. राहू द्या.

*मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ.* हा जुना घटक नाही. शेजारच्या एक्सपीएस या कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रकाराच्या घटकाबरोबर चुकून याचीही खूण निघते आणि मग पीडीएफ करायचा प्रिंटरच नाहीसा होतो.

*हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि त्यांच्या आसपासचे घटक.* हे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवण्यासाठी असतात, यांचा जुन्या प्रोग्रामशी संबंध नाही. त्यांचा निर्णय वेगळा घ्या, या कामात मिसळू नका.

## टप्पा ८: मोठ्या अपडेटनंतर

विंडोजची नवी आवृत्ती आली की दोन्ही याद्या उघडा आणि वहीतल्या शेवटच्या फोटोशी जुळवा. कुठला घटक परत चालू झाला का, कुठला यादीतूनच गेला का, कुठला एका यादीतून दुसऱ्या यादीत गेला का ते पाहा. मग नवा फोटो काढून त्यावर आवृत्तीचं नाव आणि तारीख टाका. नवा प्रोग्राम बसवल्यावरही हेच करा. काही इन्स्टॉलर डॉट नेट ३.५ तुमच्या नकळत परत चालू करतात. तसं झालेलं दिसलं तर त्या प्रोग्रामचं नाव वहीत त्या घटकासमोर लिहा.